आफ्रिकन घड्याचा पंजाबी काका

चंडीगडजवळच्या मुल्लानपुरात घडा घेतानाही आपल्यासारखाच टिचकी मारून वाजवून बघतात. असाच एक घेतला, त्याचं कूळ शोधायला बसलो आणि थेट नायजेरियात पोचलो.

दुवा सापडला तो सरदार गुरुचरण सिंगांचा. दिल्लीच्या निळ्या भांड्यांचे हे कर्ते पुढे कांगड्यातल्या अंद्रेट्यात रमले. 1919च्या सुमारास ते जपानला शिकायला गेले, तिथे इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच मित्र झाला. लीच 1920मध्ये इंग्लंडला परतला. 1923मध्ये मायकेल कार्ड्यू त्याचा शागीर्द झाला आणि 1950नंतर त्याच कार्ड्यूने नायजेरियातल्या अबुजाला कुंभारकामाचं केंद्र काढलं. गुरूचा दोस्त तो काका! नातं ओढूनताणून आणलंय म्हणा, पण मी सोडणार नाही.

साहेबाने आफ्रिकेला मडकी शिकवली, ही कथा मात्र मला पटत नाही. 1954मध्ये तिथलीच कुंभारीण लाडी क्वाली केंद्रात आली, त्याआधीच तिचे घडे अबुजाच्या अमीराच्या वाड्यात होते. आपला कुंभार बसतो आणि चाक फिरतं. तिच्याकडे घडा बसायचा आणि ती वाकून त्याच्याभोवती फिरायची. ओल्या मातीवर पाली नि विंचू कोरायची. केंद्रात ती चाकही शिकली, पण तिचे मोठे घडे हातानेच घडत राहिले. आज ती 20 नायराच्या नोटेवर आहे.

कार्ड्यूने दिलं ते ग्लेझ आणि कडक भट्टी. माझा सिद्धान्त इथेच सुरू होतो. ग्लेझने मातीची छिद्रं बुजली, घडा पाझरेना. पाझरेना म्हणून पाणी गार होईना. पाणवठ्यावरून उठलेला घडा मग कलादालनाच्या चौथऱ्यावर जाऊन बसला. घड्याचं शिल्प झालं ते असं.

यावर मॅग्डलिन ओडुंडोचं नाव कुणीही पुढे करील. ही केनियाची, 1974मध्ये अबुजाला शिकायला आली. ती चाक वापरत नाही, ग्लेझ तर नाहीच; वळ्या रचून घडवते, घोटून घोटून झळाळी आणते. पहिल्या भाजणीत भांडं तांबडं होतं, धुरात पुन्हा भाजलं की काळंभोर. ग्लेझ नसूनही ते शिल्पच. सिद्धान्ताला तडा गेला, कबूल. पण ती येईतो चौथरा तयार होता, हे माझं उत्तर.

मुल्लानपूरचा घडा सध्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आहे. खाली ताटली ठेवलीय. सकाळी ती काठोकाठ भरलेली असते.