पलटण, गिरणी, कंपनी : बंद दरवाज्यांचा इतिहास

1 जानेवारीला आम्हाला सुट्टी हवी असते. कंपनीच्या पोर्टलवर अर्ज भरताना कारणाचा रकाना येतो आणि आम्ही तिथे 'वैयक्तिक काम' असे टाईप करतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी गणपतीला गावी जाताना 'गणपती' असेच लिहितो. त्याला दोनदा विचार करावा लागत नाही.

आम्ही शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईचे, भीमेच्या काठचे. हीच नदी वरच्या अंगाला कोरेगाव भीमाजवळून वाहते आणि तिच्या पलीकडे पेरणे गावच्या हद्दीत जयस्तंभ उभा आहे. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून आम्ही तिथे गेलो. मग पुण्यातल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामर झाल्यावर त्याच स्तंभाचे नाव लिहिताना बोटे का अडखळतात? हा आमच्या दोघाचौघांचा भित्रेपणा नाही. त्यामागे इतिहास आहे, आणि तो तीन दरवाज्यांचा आहे.

पहिला दरवाजा पलटणीचा. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावला महार शिपाई लढले. जे पडले त्यांची नावे स्तंभावर कोरलेली आहेत. पराक्रमाचा पुरावा दगडावर होता, तरी 1892च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. कारण काय? तर काही जाती लढवय्या असतात, काही नसतात! हेच त्या काळचे 'मेरिट'. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये पुन्हा लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा महारांची पलटण उभारली गेली. युद्ध संपल्यावर ती मोडलीही. महार रेजिमेंट स्थापन व्हायला 1941 साल उजाडले.

दुसरा दरवाजा मुंबईच्या गिरणीचा. गिरणीत आपल्या लोकांना काम होते, पण ते त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत. जास्त पगाराच्या साचे खात्यात, म्हणजे विणकामात, प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतर कामगारांना चालत नव्हता. यंत्र विलायतेचे, वाफेवर चालणारे, पण विटाळ गावचाच! 1928च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ही मागणी ठेवली: साचे खाते आमच्या माणसांना खुले करा, नाहीतर त्यांना संपात सामील होऊ नका असे सांगावे लागेल. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी 1936 मध्ये मांडले. त्याआधी गिरणीने ते रोज दाखवले होते.

तिसरा दरवाजा सॉफ्टवेअर कंपनीचा. इथे दार बंद आहे असे कोणी म्हणत नाही, म्हणून तो ओळखायला अवघड. 1968 मध्ये मुंबईत टीसीएस सुरू झाली, 1981 मध्ये पुण्यात इन्फोसिस. पण या धंद्याची खरी भरभराट 1991 नंतरची. तो काळ लक्षात घ्या. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाच्या आधारावर शिकलेली आपली पिढी नेमकी तेव्हा पदवी घेऊन बाहेर पडत होती. कलम 16(4) मधले आरक्षण शासनाच्या नोकरीला लागू. खाजगी कंपनीला नाही. जिथे आपला हक्क होता तिथल्या जागा आटत गेल्या आणि जिथे जागा वाढल्या तिथे हक्कच नव्हता.

ही कंपन्यांची स्वतःची कमाई आहे, असे उत्तर मिळते. तसे असेल तर हिंजवडीची जमीन कोणी संपादित केली? एमआयडीसीने. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कमधल्या निर्यातीच्या नफ्यावरचा आयकर मार्च 2011 पर्यंत कोणी सोडला? भारत सरकारने. जमीन सार्वजनिक, सवलत सार्वजनिक, मग जबाबदारी तेवढी खाजगी कशी?

दुसरे उत्तर आम्ही रोज ऐकतो: 'कोडला जात नसते.' मान्य. कंपायलर आडनाव विचारत नाही. पण नवे प्रॉडक्ट कोणाच्या हाती द्यायचे आणि रात्रीच्या सपोर्टला कोणाला बसवायचे, ऑनसाईट कोणी जायचे, अप्रेझलमध्ये कोणाला वरचे रेटिंग द्यायचे, हे कंपायलर ठरवत नाही, माणसे ठरवतात. हीच माणसे जेवणाच्या सुट्टीत 'पूर्ण नाव काय?' असे विचारतात, आणि उत्तर मिळाले की 'ॲडमिशन कॅटेगरीतून का?' असे हसत विचारतात. आमच्यातल्या काहींनी त्यानंतर आडनाव सांगणेच सोडले.

हा मनाचा खेळ आहे का? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहा. खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. मुस्लिम नावाची त्याहून कमी. समुद्र ओलांडला तरी प्रश्न सुटत नाही. 2020 मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला. दलित अभियंत्याचा आयआयटीतला प्रवेश आरक्षणातून होता हे सहकाऱ्यांना सांगितले गेले, असा त्यात आरोप होता. कंपनीने तो नाकारला. दोन व्यवस्थापकांवरचा दावा 2023 मध्ये मागे घेतला गेला. निकाल काहीही लागो, जात हा शब्द अमेरिकेच्या कोर्टाच्या कागदावर आला. त्याच वर्षी सिॲटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली.

आणि आपल्याकडे? सेबीच्या नियमाप्रमाणे शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना स्त्री, पुरुष आणि अपंग कर्मचारी किती, हे दरवर्षी सांगावे लागते. जातीचा रकाना त्यात नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी 2013च्या कायद्याने अंतर्गत समिती सक्तीची आहे, आणि ती असायलाच हवी. जातीय छळासाठी तशी समिती नाही. जे मोजले जात नाही ते नाकारणे सोपे असते.

म्हणून मागणी साधी आहे. नाव न घेता सामाजिक प्रवर्गनिहाय आकडे जाहीर करा: भरतीचे, बढतीचे, वरच्या पदांचे. जातीय छळाच्या तक्रारीसाठी समिती नेमा.

तिन्ही दरवाज्यांचा इतिहास एकच सांगतो. आपली लायकी सिद्ध झाली म्हणून दार उघडले नाही. लायकी तर 1818 मध्येच दगडावर कोरली होती. कोणीतरी नाव आणि कारण स्पष्ट लिहून मागणी केली, तिथून दार हलू लागले. वलंगकरांच्या, कांबळ्यांच्या अर्जात 'वैयक्तिक काम' असे लिहिलेले नव्हते.

येत्या 1 जानेवारीच्या अर्जात आम्ही लिहिणार आहोत: जयस्तंभास मानवंदना. तुम्ही काय लिहिणार?

जय भीम!