तुतारी, ट्रम्पेट आणि ओठ

केशवसुतांच्या 'तुतारी'वर (१८९३) मराठी समीक्षेने शतकाहून अधिक काळ लिहिले आहे. त्या लेखनात फुंकणाऱ्याचा प्राण येतो, आवेश येतो. ओठ मात्र कोठेच येत नाहीत. यात कवीचा दोष नाही. तुतारी मागणाऱ्याने ती वाजवायलाही शिकावे, अशी अपेक्षा आम्ही करणार नाही.

पण तुतारीला ना भोके असतात, ना कळा. तिचा प्रत्येक स्वर माउथपीसमध्ये थरथरणाऱ्या ओठांनीच निवडायचा असतो. ट्रम्पेटला तीन कळा आल्या, तरी त्यांच्या उघडझापीतून नळीच्या लांब्या मिळतात अवघ्या सात. उरलेले काम पुन्हा ओठांचेच. शिवाय एकाच लांबीत मिळणारे स्वर खाली दूरदूर असतात आणि वर जावे तसे जवळ येतात. ओठ किंचित चुकला की शेजारचा स्वर लागतो. म्हणून जाणता वादक ओठांचे कोपरे घट्ट धरतो, मधली फट बारीक करतो, जिभेची पाठ उचलून हवेला वेग देतो. नवशिका माउथपीस ओठांवर दाबतो. स्वर लागतो खरा, पण दाबाने ओठांतले रक्त हटते आणि थोड्याच वेळात ते बधिर होतात. लुई आर्मस्ट्राँगसारख्यालाही ओठांच्या दुखापतीमुळे १९३०च्या दशकात काही काळ वादन थांबवावे लागले. ओठांभोवतीचा स्नायू फाटण्याच्या विकाराला पुढे डॉक्टरांनी त्याच्याच 'सॅचमो' या टोपणनावाने ओळखले.

त्या आर्मस्ट्राँगची गादी मुंबईत चालवली ती गोव्यातील हळदोण्याच्या आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६–१९६७) याने. ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजे. इकडे उपनगरात, गोरेगावच्या फिल्मिस्तानसाठी (स्थापना १९४३) पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, 'शहनाई'त (१९४७) पाश्चात्त्य ढंग आणीत होते. अशा संगीताला स्वरलिपी वाचणारे वादक लागत, आणि गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांनी ते घडवले होते. 'अलबेला'च्या (१९५१) वेळी चिक रामचंद्रांच्या साथीला होता. त्या चित्रपटात तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो.

येथे आम्हांस एक हिशेब मांडावासा वाटतो. त्या काळी गायक आणि सारा वाद्यवृंद एकत्रच ध्वनिमुद्रित होई. ट्रम्पेटचा एक वरचा स्वर फुटला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, आणि प्रत्येक फेरीत ट्रम्पेटवाल्याचे ओठ आधीच्यापेक्षा थकलेले. गोव्याचे कित्येक वादक दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात वाजवीत. दुपारी दमलेला स्नायू रात्री पुन्हा कामाला. चित्रपटसंगीतावरील आपल्या लेखनात गायिकेने तार सप्तकात कोठवर मजल मारली याची नोंद हमखास असते. अंतऱ्याआधीच्या चार मात्रांत ट्रम्पेट कोठवर गेला, आणि तो स्वर कितव्या फेरीचा होता, हे कोणी टिपून ठेवलेले नाही.