घर तपासणारा इन्स्पेक्टर फी कशी ठरवतो? २ बीएचकेच्या बिलाचा संपूर्ण हिशोब



"दादा, टू बीएचकेचं किती घेता?" मला येणाऱ्या बहुतेक फोनची सुरुवात अशीच होते. मी आकडा सांगतो. समोर दोन सेकंद शांतता. मग पुढचा प्रश्न, "एवढे? नुसतं बघायचे?"

प्रश्न चुकीचा नाही. आयुष्यभराची बचत आणि वीस वर्षांचं कर्ज घालून घर घेतल्यावर आणखी पाच-सहा हजार कशासाठी द्यायचे, हे कळायलाच हवं. मी सिव्हिल डिप्लोमावाला. आधी काही वर्षं साईट इंजिनिअर होतो, आता पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागात नवीन फ्लॅट तपासून देतो. या लेखात मी माझी फी कशी ठरवतो, त्यातलं माझ्या हातात किती उरतं आणि फार स्वस्त तपासणी का महागात पडते, हे सगळं आकड्यांसह सांगणार आहे. चला तर मग, सुरुवात करूया.

होम इन्स्पेक्शन म्हणजे नेमकं काय?

बिल्डरकडून ताबा घेताना किंवा जुना फ्लॅट विकत घेण्याआधी त्या घराची केलेली सविस्तर तपासणी म्हणजे होम इन्स्पेक्शन. फरशी पोकळ आहे का, भिंत ओळंब्यात आहे का, बाथरूमचा उतार बरोबर आहे का, सॉकेटला अर्थिंग आहे का, खिडकीतून पाणी येतं का, कार्पेट क्षेत्रफळ करारात लिहिलंय तेवढं भरतं का, असं सगळं पाहून फोटोसह रिपोर्ट दिला जातो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे स्ट्रक्चरल ऑडिट नाही. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना जे ऑडिट सक्तीचं आहे, ते नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअर करतो. आमचं काम एका घरापुरतं असतं.

रिपोर्टचा उपयोग काय? रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला किंवा दर्जातला दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर त्याने तो ३० दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. "भिंत खराब आहे" असं तोंडी सांगणं आणि तारीख, फोटो, जागा आणि माप असलेला कागद समोर ठेवणं, यात खूप फरक पडतो.

फी ठरवण्याच्या पद्धती

आपल्याकडे होम इन्स्पेक्टरसाठी सरकारी परवाना नाही आणि सरकारी दरपत्रकही नाही. त्यामुळे प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने दर लावतो. साधारण तीन पद्धती दिसतात:

१. बीएचकेप्रमाणे ठरलेली रक्कम. समजायला सोपी, पण ५५० आणि ८०० चौरस फुटांचे दोन्ही फ्लॅट "टू बीएचके"च असतात.

२. चौरस फुटाप्रमाणे. ही वाजवी वाटते, पण छोट्या घरात इन्स्पेक्टरचा प्रवासखर्चही सुटत नाही. आधी विचारा, दर कार्पेटवर आहे की सुपर बिल्टअपवर? आकडा बराच बदलतो.

३. मिश्र पद्धत. मी हीच वापरतो.

माझं सूत्र असं: मूळ रक्कम २,००० रुपये, अधिक कार्पेटच्या प्रत्येक चौरस फुटाला ४ रुपये, अधिक प्रत्येक बाथरूमचे ४०० रुपये.

- १ बीएचके, ४३० चौरस फूट, १ बाथरूम: ४,१२० रुपये
- २ बीएचके, ७०० चौरस फूट, २ बाथरूम: ५,६०० रुपये
- ३ बीएचके, १,००० चौरस फूट, ३ बाथरूम: ७,२०० रुपये

मूळ रक्कम कशाला? कारण घर छोटं असो की मोठं, तिथे जावं लागतंच आणि रिपोर्ट लिहावा लागतोच. बाथरूमचे वेगळे पैसे कशाला? कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. बेडरूम अर्ध्या तासात होते, बाथरूमला नळ, ट्रॅप, उतार, वॉटरप्रूफिंग आणि गिझरचा पॉइंट असं सगळं पाहावं लागतं.

जुनं घर, सामानाने भरलेलं घर किंवा बंगला असेल तर दर वाढतो. बंगल्यात गच्ची, जमिनीखालची टाकी आणि बाहेरच्या भिंती वाढतात. सामानाच्या घरात कपाटामागची ओल शोधायला दुप्पट वेळ लागतो.

बॅगेत कोणती यंत्रं असतात?

सगळे यंत्रांबद्दल विचारतात, म्हणून थोडं सविस्तर.

थर्मल कॅमेरा: खूप जणांना वाटतं की हा भिंतीच्या आतलं दाखवतो. तसं नाही. तो फक्त पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दाखवतो. ओल्या जागेतून पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते, म्हणून तो भाग थंड होतो आणि स्क्रीनवर सहसा निळा दिसतो. पण एसीचा गार झोत लागलेली भिंतही निळीच दिसते. म्हणून नुसत्या निळ्या डागावर "ओल आहे" असं कोणी लिहून दिलं, तर विश्वास ठेवू नका.

मॉइश्चर मीटर: कॅमेऱ्याने दाखवलेल्या जागी हा लावून खात्री करायची. दोन पिनांचा मीटर विजेचा रोध मोजतो. ओल वाढली की रोध कमी होतो. यावरची टक्केवारी बहुतेक वेळा लाकडासाठी असते, त्यामुळे गिलाव्यावर तो आकडा जशाच्या तसा धरायचा नाही. कोरड्या भिंतीशी तुलना करायची.

सॉकेट टेस्टर: तीन दिवे असलेला छोटा प्लग. अर्थिंग नाही किंवा फेज-न्यूट्रल उलटे आहेत, हे लगेच कळतं. मात्र न्यूट्रल आणि अर्थ यांची अदलाबदल झाली असेल तर तो ओळखू शकत नाही.

याशिवाय लेझर मीटर, लेव्हल, ओळंबा, गुण्या आणि फरशीवर ठोकायची लोखंडी कांडी. पोकळ फरशीचा आवाज एकदा कानात बसला की त्यासाठी कुठलंच ॲप लागत नाही.

माझ्या सगळ्या सामानाचे मिळून १,२०,००० रुपये झाले. ते चार वर्षं चालेल असं धरलं, तर महिन्याला २,५०० रुपये बाजूला ठेवावे लागतात.

एका घरामागे दहा तास

घरमालकाला मी साधारण चार तास दिसतो. बाकीचे तास दिसत नाहीत. एका २ बीएचकेचा माझा हिशोब:

- फोन, करार आणि नकाशा वाचणं: अर्धा तास
- जाणं-येणं: दीड तास
- प्रत्यक्ष तपासणी: चार तास
- फोटो लावून रिपोर्ट लिहिणं: साडेतीन तास
- नंतरचे फोन: अर्धा तास

म्हणजे दहा तास. ५,६०० मधून मदतनीसाचे ७०० आणि पेट्रोल-पार्किंगचे २०० गेले की ४,७०० उरतात.

महिन्याला हातात किती?

दर महिन्याचा ठरलेला खर्च असा: यंत्रांचे २,५००, जाहिरात आणि वेबसाइटचे ४,०००, फोन, क्लाउड स्टोरेज आणि रिपोर्टच्या ॲपचे १,०००, बॅटऱ्या आणि किरकोळ दुरुस्तीचे ५००. एकूण ८,०००.

सरासरी महिन्यात मला १४ घरं मिळतात. सगळी २ बीएचके धरली तर ६५,८०० मधून ८,००० वजा जाता ५७,८०० रुपये उरतात. तासाला साधारण ४१३ रुपये. आयकर आणि आरोग्य विमा यातूनच.

पण सगळे महिने सारखे नसतात. गुढीपाडवा, अक्षय तृतीया आणि दसऱ्याच्या आधी सगळ्यांनाच ताबा हवा असतो. तेव्हा २२ घरंही होतात आणि ९५,४०० उरतात. पितृपक्षात आणि पौषात मात्र फोन वाजत नाही. पाचच घरं झाली तर हातात १५,५०० येतात आणि घराचा हप्ता तर तेवढाच असतो. म्हणून दसऱ्याच्या कमाईतून पौषाची सोय करून ठेवायची, हे या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकावं लागतं.

जीएसटीबद्दलही सांगतो. आपल्या राज्यात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नसते. माझी त्याच्या आतच आहे. मोठी कंपनी मात्र १८ टक्के लावणार. म्हणजे तिचा ५,६०० चा दर ६,६०८ होतो. तुलना करताना "जीएसटी धरून का?" हे जरूर विचारा.

स्वस्तात काम केलं आणि काय झालं

सुरुवातीला मी २ बीएचके २,५०० रुपयांत करायचो. परवडावं म्हणून दिवसाला तीन घरं घ्यायचो. अशाच एका दिवशी तिसऱ्या घरात पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. बाथरूमची पाण्याची चाचणी नीट करायची तर ट्रॅप बंद करून चोवीस तास पाणी साठवून ठेवावं लागतं. मी दहा मिनिटं नळ सोडला, पाणी ट्रॅपकडे जातंय हे पाहिलं आणि रिपोर्टमध्ये "ठीक" असं लिहिलं.

पहिला पावसाळा यायच्या आधीच त्या काकांचा फोन आला. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर नवीन कपाट बसवलं होतं. त्याच्या मागच्या प्लायला बुरशी आली होती. काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही ठीक लिहिलं होतं, म्हणून आम्ही कपाट करून घेतलं."

मी फी परत केली. कपाट मात्र परत करता आलं नाही. त्यानंतर दिवसाला एकच घर, फार तर एक घर आणि एक फेरतपासणी, असा नियम केला. पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवायला सांगतो आणि खालच्या मजल्याचं छत पाहिल्याशिवाय बाथरूमबद्दल काही लिहीत नाही. दर वाढला तो यामुळे. म्हणजे तुम्ही पैसे देता ते मुख्यतः वेळेचे. यंत्र सगळ्यांकडे सारखंच असू शकतं.

पैसे दुसरीकडूनही येऊ शकतात

दर खूप कमी आणि तरी धंदा जोरात, असं दिसलं तर बाकीचे पैसे कोण देतंय, हा प्रश्न पडायला हवा. मला दोन प्रकारच्या ऑफर आल्या. वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला, "तुम्ही गिऱ्हाईक पाठवा, बिलाचे दहा टक्के तुमचे." आणि एक एजंट, जो मला महिन्याला चार-पाच घरं द्यायचा, तो म्हणाला, "सर, जरा हलक्या हाताने लिहा, व्यवहार मोडतो."

पहिली ऑफर घेतली तर मला प्रत्येक भिंतीत ओल दिसायला लागेल. दुसरी घेतली तर कुठेच दिसणार नाही. दोन्हींना नाही म्हणालो. एजंटची कामं त्याच आठवड्यात थांबली आणि पुढचे दोन महिने जेमतेम हप्ता निघाला. म्हणून माझ्या फीमध्ये या नकाराचीही किंमत आहे, असं मी मानतो.

बुक करण्याआधी हे विचारा

- एका दिवसात किती घरं करता?
- दर कार्पेटवर का? जीएसटी धरून का?
- बाथरूममध्ये पाणी किती तास साठवता?
- जुन्या रिपोर्टचा नमुना नाव झाकून दाखवाल का?
- दुरुस्ती झाल्यावर फेरतपासणीचे किती?
- दुरुस्तीचं काम तुम्ही किंवा तुमचे ओळखीचे करतात का?

शेवटच्या प्रश्नाला "हो" उत्तर आलं तर दुसरा इन्स्पेक्टर बघा.

फोनने स्वतः काय तपासता येईल?

फी परवडत नसेल तरी ताबा घेताना एवढं कराच. टॉर्च भिंतीला लावून तिरका प्रकाश सोडा, उंचवटे आणि भेगा लगेच दिसतात. लेव्हलचं ॲप वापरताना फोन पाठीवर ठेवू नका, कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे माप चुकतं. सरळ कडेवर उभा करा. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ घ्या आणि दोष दिसेल तिथे बोट ठेवून मोठ्याने बोला.

आणि एक गैरसमज. सॉकेटला चार्जर लावला आणि फोन चार्ज झाला म्हणजे वायरिंग चांगलं, असं नसतं. दोन पिनांचा चार्जर अर्थिंग वापरतच नाही. गिझर आणि फ्रिजला मात्र ते लागतंच. त्यामुळे हे एक काम तरी टेस्टर असलेल्या वायरमनकडून करून घ्या.

तुमच्या घरी किंवा मित्राच्या घरी लवकरच चावी मिळणार असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. शक्य असेल तर तपासणी चावी घेण्याच्या आधी करा. सही झाल्यावरही कायद्याने हक्क राहतो, पण सहीच्या आधी बिल्डरचा माणूस फोन पहिल्या रिंगला उचलतो, हा माझा अनुभव आहे.