विंचवाची नोंद ठेवणारा डॉक्टर

१/ विंचू चावला की कोकणातील खेड्यांत पूर्वी प्रथम विंचू ‘उतरवणाऱ्या’ला बोलावीत. दवाखान्यात नेले, तरी डॉक्टरच्या हाती वेदनाशामकापलीकडे फारसे काही नसे. हे चित्र पालटणारा माणूस नागपूरच्या ‘मेडिकल’मधून बाहेर पडला होता.

२/ नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे हिंमतराव बावस्कर येथूनच एम.बी.बी.एस. झाले आणि १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले.

३/ लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. बावस्करांनी प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवण्यास आरंभ केला : दंश केव्हा झाला, नाडी किती, रक्तदाब किती, घाम व उलट्या कधी सुरू झाल्या, हातपाय कधी गार पडले.

४/ या नोंदींतून एक क्रम उलगडला. विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. दरदरून सुटणारा घाम व उलट्या ही त्या संकटाची पूर्वसूचना होती. १९८२ साली ही लक्षणे ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली.

५/ कारण कळले, तसा उपायही दिसू लागला. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. १९८६ मध्ये त्याविषयीचा लेख ‘लॅन्सेट’मध्येच आला. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण पूर्वी ३० टक्क्यांच्या आसपास होते. ते सुमारे १ टक्क्यावर आले.

६/ पुढे विंचवावरील प्रतिविष उपलब्ध झाले. स्वतःच्याच उपचाराची परीक्षा घेण्यास बावस्कर कचरले नाहीत. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी महाडमध्ये ७० रुग्णांची चाचणी केली. निम्म्यांना केवळ प्राझोसिन, निम्म्यांना त्यासोबत प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. हा निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

७/ ‘रुग्णांतून उसंत मिळत नाही, सर्वेक्षणाचे अर्ज कोण भरणार?’ असे अनेक डॉक्टर म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. परंतु बिरवाडीतही गर्दी होती आणि साधने तुटपुंजी होती. तेथील डॉक्टरने पाहिलेले कागदावर उतरवले नसते, तर ते ज्ञान त्याच्यापुरतेच राहिले असते. डॉक्टरच्या स्मरणातला रुग्ण एकालाच शिकवतो. नोंदवलेला रुग्ण पुढच्या साऱ्यांना.

८/ आज ‘मेडिकल’च्या अपघात विभागात रात्रपाळी करणाऱ्या तरुण डॉक्टरसमोर एखाद्या अभ्यासाचा अर्ज आला, तर तो बाजूला सारण्यापूर्वी त्याने बिरवाडी आठवावी.