शेडला अलार्म लावलात, पण धावून येणार कोण?

मळ्यातल्या शेडमधून मोटार गेली, केबल गेली, फवारणीचा पंप गेला. ही बातमी मी इतक्यांदा लिहिलीय की हल्ली फक्त गावाचं नाव बदलावं लागतं. आता बरेच जण शेडला अलार्म बसवतायत. जरूर बसवा. पण राखणीचा इतिहास बघितला तर एक गोष्ट लक्षात येते.

पेशवाईत गावाची राखण जागल्याकडे असायची. कुठे रामोशी, कुठे महार, डोंगराकडे भिल्ल नाहीतर कोळी. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात ही पद्धत नोंदवलीय. चोरी झाली की जागल्याने माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला की जबाबदारी त्या गावावर. चोर सापडलाच नाही तर भरपाई जागल्याने द्यायची, आणि त्याची ऐपत संपली की उरलेली रक्कम सगळ्या गावाकडून वसूल! म्हणजे एकाची चोरी ही सगळ्यांच्या खिशाची गोष्ट होती.

पण म्हणून ‘जुनं ते सोनं’ म्हणू नका. रात्री जागायचं ते ठराविक जातींनीच. महार वतनात तर राखणीसोबत सरकारची आणि गावाची पडेल ती कामं, आणि मोबदला तुटपुंजा. १८७४ च्या वतन कायद्याने ही पिढीजात चाकरी कागदावर आणखी पक्की केली. तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतनं रद्द झाली. ती गेली हे उत्तमच झालं. मात्र जागायचं काम बाकीच्यांनी वाटून घेतलंच नाही. १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटील नेमले गेले, पण एक माणूस किती मळे बघणार?

आता अलार्मकडे या. १८५३ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी विजेच्या अलार्मचं पेटंट घेतलं. दार उघडलं की सर्किट जुळायचं आणि घंटा वाजायची. आपण दाराला लावतो तो चुंबकाचा सेन्सर त्याच कुळातला. १८५७ मध्ये एडविन होम्स यांनी ते हक्क विकत घेतले. पुढे त्यांनी अलार्मच्या तारा थेट एका कचेरीत नेल्या. तिथे रात्रभर माणूस जागा असायचा. धंदा चालला तो त्यामुळे. नुसती घंटा चोराला थोडा वेळ दचकवते. पकडायला माणूसच लागतो.

म्हणून शेडसाठी घेताना बॅटरीवर चालणारा अलार्म घ्या, कारण लाईटचा भरवसा नाही. सिमकार्डवाला असेल तर त्यात फक्त स्वतःचा नंबर टाकू नका. तुम्ही गावात झोपलेले, शेड दोन किलोमीटरवर; पोचेपर्यंत मोटार टेम्पोत. शेजारच्या दोन-तीन मळ्यांचे नंबर टाका, त्यांच्या अलार्ममध्ये तुमचा द्या. ग्रामसुरक्षा दल कागदावरच असेल तर ग्रामसभेत विचारा. पाळी लावा, आणि पाळीत सगळ्या आळ्यांची घरं घ्या. पुन्हा एकाच वस्तीच्या डोक्यावर नको.

बांधावरून भांडण असलेल्या शेजाऱ्याचाही नंबर टाका. रात्री दोन वाजता सगळ्यात आधी तोच पोचेल.

तुमच्या शिवारात अशी पाळी चालू आहे का? कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा, येऊन बातमी करतो.