वाटाणा, आगकाडी आणि फाळके

दादासाहेब फाळके यांचे नाव घेताच आपल्या डोळ्यांपुढे 'राजा हरिश्चंद्र' उभा राहतो. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लोकांसाठी खुला झाला आणि भारतीय चित्रपटाचा इतिहास तेथून सुरू होतो, असे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्या आधीच्या वर्षी फाळक्यांनी एक लहानशी फिल्म केली होती. तिच्यात राजा नव्हता, ऋषी नव्हता, संवादपाट्या नव्हत्या. कुंडीतले एक वाटाण्याचे रोप होते आणि ते वाढत होते, एवढेच. तिचे नाव 'अंकुराची वाढ'. पुढे १९१५ साली त्यांनी आणखी एक छोटी फिल्म केली. तिच्यातली पात्रे म्हणजे पेटीतल्या काड्या, आणि नाव 'आगकाड्यांची मौज'. चित्रपटाच्या बहुतेक इतिहासांत या दोहोंच्या वाट्याला एखादे वाक्य येते. त्या एका वाक्याचा थोडा विस्तार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आमच्या मते फाळक्यांच्या पडद्याचे मूळ पुराणकथेत शोधण्यापूर्वी ते छापखान्यात आणि घरातल्या क्षुल्लक वस्तूंत शोधले पाहिजे; तसे न केल्यामुळे आपण त्यांच्या 'महर्षी'पणाची पूजा केली आणि त्यांच्या कारागिरीचा वारसा मात्र सोडून दिला.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात जागा मिळाली म्हणून कुटुंब मुंबईस आले आणि १८८५ साली धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथून बडोद्याचे कलाभवन. कलाभवनाचे प्रमुख प्रा. गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी या विद्यार्थ्याला रतलामला पाठवले ते तीन रंगांचे ठसे तयार करण्याची विद्या आणि फोटोलिथोग्राफी शिकण्यासाठी. पुढची काही वर्षे विस्कळीत दिसतात: गोध्र्याला फोटोस्टुडिओ, प्लेगात पत्नी व मूल गमावणे, नाटकांचे पडदे रंगवणे, जादूचे प्रयोग शिकणे, मग पुरातत्त्व खात्यात नोकरी. ती नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यास स्वतःचा छापखाना काढला. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला रविवर्मा छापखाना तोवर लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेला होता आणि त्याच्यासाठी फाळके फोटोलिथोची कामे करीत. हा उद्योग पुढे दादरला आला, नवे भागीदार मिळाले, 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' असे नाव झाले आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी फाळके जर्मनीसही जाऊन आले. चाळिशीच्या उंबरठ्यावर, भागीदारांशी न पटल्याने, त्यांनी तो भरभराटीचा धंदाही सोडला. चरित्रकार या सगळ्या उलाढालींना धडपड म्हणतात. आम्हांस ती एकाच विद्येची निरनिराळी दालने वाटतात.

ती विद्या कोणती, हे समजण्यासाठी शिळाछापाची रीत लक्षात घ्यावी लागते. रविवर्म्याच्या लक्ष्मीचे किंवा सरस्वतीचे जे रंगीत चित्र घरोघरी भिंतीवर लागले, ते एका दगडावरून छापलेले नसे. मूळ तैलचित्रातला प्रत्येक रंग मनाने वेगळा काढायचा, प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड तयार करायचा आणि तोच कागद एकामागून एक त्या दगडांवरून काढायचा. पहिल्या दगडावर देवी नसते. पिवळ्या रंगाचे काही डाग असतात. दुसऱ्यावर तांबडे डाग. सगळे डाग नेमके एकमेकांवर बसले तरच शेवटी चेहरा उमटतो. केसभर सरकले तरी लुगड्याचा काठ अंगाबाहेर जातो आणि ओठ गालावर येतात. छपाईतील लोक या जुळणीला 'रजिस्टर' म्हणतात आणि चांगल्या छापखान्याची परीक्षा तिच्यावरच होते. म्हणजे पूर्ण वस्तू आधी तुकड्यांत पाहायची आणि मग ते तुकडे चूक न होता जुळवायचे, ही दृष्टी छापखान्यात काम करणाऱ्याच्या हाडांत मुरते. फाळक्यांनी वीसएक वर्षे हेच केले होते.

१९११ च्या सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि त्या जागी त्यांना राम-कृष्ण दिसू लागले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्यांनी स्वतःच तो लिहून ठेवला आहे. परंतु त्यानंतर जे घडले ते कमी सांगितले जाते. रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि साहित्य जमवून डोळे जाण्याची वेळ आली; विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले; १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांची सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कच्ची फिल्म आणि छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून दोन महिन्यांत ते परतलेही. चाळिशी ओलांडलेला, दृष्टी नुकतीच वाचलेला माणूस दोन महिन्यांत जे शिकून येतो, ते त्याला बरेचसे आधीच येत असले पाहिजे.

यंत्रे आली, पण चित्रपटाला भांडवल हवे होते आणि मुंबईतील पैसेवाल्या मंडळींना या खेळण्यावर विश्वास नव्हता. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर ठेवला आणि महिन्याभराहून अधिक काळ त्या रोपाची छायाचित्रे टिपली. रोज एकेक चौकट टिपली, असे सांगण्याची प्रथा आहे. येथे थोडा हिशेब करावा. त्या काळच्या हाताने फिरवायच्या यंत्रावर सेकंदाला साधारण सोळा चौकटी धावत. दिवसाला एक या मापाने महिन्याची फिल्म दोन सेकंदांत संपली असती. फिल्म मिनिटभराची होती हे खरे धरले, तर सुमारे साडेनऊशे चौकटी लागतात, म्हणजे दिवसाला तीसेक. मग हे काम सकाळी एकदा कॅमेऱ्याची मूठ फिरवण्याचे राहत नाही. दिवसभर ठरावीक अंतराने, कुंडी तसूभर न हलवता, उजेडाचा अंदाज सांभाळीत महिनाभर बसण्याचे होते. दगडावर दगड जुळवण्याची सवय असलेल्या माणसालाच ते जमावे. तेथे रंगांचे थर एकावर एक बसवायचे होते, येथे काळाचे.

या कामात सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा विसरून चालणार नाही. तेव्हा कच्ची फिल्म कडांना छिद्रे न पाडताच येई. ती छिद्रे अंधारात, यंत्राने पण हाताच्या अंदाजाने, समान अंतरावर पाडावी लागत. अंतर चुकले की पडद्यावर चित्र थरथरते. घरच्या स्वयंपाकपाण्यातून उरलेल्या वेळात त्या हे काम करीत. पडद्यावरचे चित्र स्थिर राहिले यात त्यांच्या बोटांची नेमकी चाल होती. 'रजिस्टर' जुळवण्याचे हे काम त्यांनीच केले, फक्त त्याला कोणी तसे नाव दिले नाही.

'अंकुराची वाढ' निवडक मंडळींना दाखवली गेली आणि त्यानंतर कर्ज मिळाले. म्हणून आमच्या दृष्टीने ही फिल्म म्हणजे एक अर्ज आहे, आणि मराठीतल्या उत्तम अर्जांपैकी एक. सावकाराला जे पटवायचे ते तिने शब्दांवाचून पटवले: लहानशा बीजातून काहीतरी उभे राहते, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो आणि तो वेळ हे यंत्र डोळ्यांसमोर आणू शकते. विषयाची ही निवड साधी नाही. फाळक्यांना समोरची इमारत किंवा रस्त्यावरची वर्दळ सहज टिपता आली असती. पण ते तर सगळ्यांनाच दिसते. रोप वाढताना मात्र कोणीही पाहिलेले नसते. वाढलेले रोपच आपण पाहतो.

युरोपात असे प्रयोग आधी झाले होते, हा आक्षेप येथे येईल. तो खराच आहे. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी १९१० साली फुले उमलताना दाखवली होती, आणि फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ सालीच काड्यांना पडद्यावर नाचवले होते. परंतु पहिलेपणाचा मान हा इतिहासातला सर्वांत कमी उपयोगाचा मान आहे. स्मिथ यांच्यामागे चार्ल्स अर्बन यांच्यासारखा जाणता निर्माता होता. फाळक्यांच्या मागे गहाण पडलेल्या पॉलिसी होत्या. युरोपात जे चित्रगृहातले कौतुक होते, ते दादरच्या घरात पुढच्या उद्योगाची पायाभरणी झाले, हा फरक आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि भांडवल आखडले. कर्ज होते, कामगारांचे पगार होते, घर होते. मोठा चित्रपट काढणे अवघड अशा त्या दिवसांत फाळक्यांनी लहान लहान फिल्म केल्या आणि त्यांतलीच एक 'आगकाड्यांची मौज'. काडी ठेवायची, एक चौकट घ्यायची, काडी किंचित सरकवायची, पुन्हा चौकट. आज यालाच स्टॉप मोशन म्हणतात. अभिनेत्याचा पगार नाही, पोशाख नाही, रंगवलेला पडदा नाही. खर्च फक्त फिल्मचा आणि धीराचा. नावातला 'मौज' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. पौराणिक चित्रपटात वस्तू आपोआप हलली की तो चमत्कार ठरतो आणि त्याचे श्रेय देवाला जाते. आगकाडी हलली की मात्र प्रेक्षक हसतो आणि विचारतो, हे केले कसे? पहिल्या अनुभवात भक्ती आहे, दुसऱ्यात कुतूहल. फाळक्यांना दोन्ही साधत होते. आपण त्यांतले पहिले तेवढे लक्षात ठेवले.

आगकाडीची निवडही तिच्या काळात ठेवून पाहिली पाहिजे. त्या काळी काडेपेट्या मोठ्या प्रमाणावर स्वीडन, जपान यांसारख्या देशांतून येत आणि भारतीय बाजारासाठी त्यांच्यावर जी चित्रे छापली जात, त्यांत रविवर्म्याच्या देवदेवतांच्या नकलाही असत. ज्या चित्रांच्या छपाईत फाळक्यांची उमेदीची वर्षे गेली, तीच चित्रे परदेशातून काडेपेटीवर बसून परत येत होती. पेटीवरच्या चित्राची कला ते जाणत होतेच. आता त्यांनी पेटी उघडून आतल्या काडीला चित्र केले. वस्तूकडे नव्याने पाहण्याची ही वृत्ती त्या पिढीत इतरत्रही दिसते. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ चा, किर्लोस्करवाडी १९१० ची. पुढे ओगल्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी लागला. नांगर, कंदील, काचेचे भांडे यांत बुद्धी घालण्यासारखे काही आहे, असे मानणारी ती माणसे होती. फाळकेही आपल्या चित्रपटाला स्वदेशी धंदाच म्हणत.

त्यांच्या खेळकर बाजूचे आणखी पुरावे आहेत. जादूच्या फिल्ममध्ये ते 'प्रोफेसर केळफा' या नावाने येत. आपल्याच आडनावाची अक्षरे उलटीपालटी करून घेतलेले हे नाव. चित्रपट कसे तयार करतात हे उलगडून दाखवणारी फिल्मही त्यांनी केली. जादूगाराने आपली युक्ती स्वतःच उघड करावी, हे कारागिराचेच लक्षण. 'नवयुग' मासिकात १९१७-१८ साली त्यांनी भारतीय चित्रपटाविषयी जी लेखमाला लिहिली, तिच्यातही ही उघड करण्याची हौस आहे.

पुढे काय झाले? १९१८ नंतर कंपनी मोठी झाली, भागीदार आले, भांडणे झाली. प्रेक्षकांनी पुराणकथांना उचलून धरले आणि वाटाणा व आगकाडी मागे पडली. प्रभात कंपनीने १९३४ साली 'जंबूकाका' हे व्यंगचित्र केले, त्याच वर्षी कलकत्त्यात न्यू थिएटर्सने 'द पी ब्रदर्स' काढले. पण त्यांतून परंपरा उभी राहिली नाही. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनमध्ये तरुण चित्रकारांना अ‍ॅनिमेशन शिकवण्यासाठी डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स यांना मुंबईस बोलवावे लागले. फाळक्यांना जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. ज्या विद्येने चाळीस वर्षांपूर्वी आगकाड्या नाचवल्या, ती पाहुण्याकडून पुन्हा शिकावी लागली.

दोन्ही फिल्म आज पाहायला मिळत नाहीत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर मूकपटांच्या काळातले बहुतेक सारे नष्ट झाले होते. 'राजा हरिश्चंद्र'चे काही भाग आणि 'कालियामर्दन' वाचले, ते कोणीतरी जपण्याजोगे मानले म्हणून. परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ने २००९ साली या माणसाचा खेळकरपणा पुन्हा पडद्यावर आणला, हे त्या चित्रपटाचे ऋण. पण शीर्षकात हरिश्चंद्र आहे तसा 'फॅक्टरी' हा शब्दही आहे, इकडे आपले लक्ष कमीच गेले.

आम्ही मराठीचे अध्यापक. विसाव्या शतकाची पहिली दोन दशके शिकवताना खाडिलकर, गडकरी, केळकर, हरिभाऊ यांची नावे फळ्यावर येतात आणि यावीतच. 'नवयुग'मधले फाळके मात्र मराठी गद्याच्या अभ्यासक्रमात क्वचितच दिसतात, कारण ठसे, दगड, छिद्रे आणि कर्ज यांविषयीचे गद्य आपण साहित्यात धरत नाही. एखाद्या संस्थेने ती लेखमाला विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी आणि सोबत एक कुंडी, मूठभर वाटाणे व छायाचित्रे काढणारा कोणताही फोन द्यावा. महिन्याभराने त्या मुलांना फाळक्यांविषयी जे कळेल, ते आमच्या व्याख्यानांतून कळणाऱ्यापेक्षा अधिक असेल.