आततायी कोण? दंड व व्यवहार यांविषयीं एक टिपण

ता. २३ सप्टेंबर २०२४ रोजीं बदलापूरच्या शाळेंतील बालिकांवरील अत्याचाराचा आरोपी तळोजा कारागृहांतून नेला जात असतां मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडींत गोळी लागून मेला. त्यानें पिस्तूल हिसकावून गोळी झाडिली, म्हणून स्वसंरक्षणार्थ त्यास मारावें लागलें, असें पोलिसांनीं सांगितलें. कांहीं ठिकाणीं पेढे वांटले गेले. चौकशीवांचून प्रजाजनास मारण्याचा अधिकार राजास आहे काय, हा जुना प्रश्न यामुळें ठाण्याच्या दारीं पुन्हां उभा राहिला.

याज्ञवल्क्यानें व्यवहार चतुष्पाद मानिला आहे. भाषा, उत्तर, क्रिया आणि साध्यसिद्धि, म्हणजे फिर्याद, प्रतिवादीचें म्हणणें, पुरावा व निर्णय, हे ते चार पाद होत. यास अपवाद आततायीचा. त्यास मारण्यांत मनूनें दोष मानिला नाहीं. परंतु त्या श्लोकांतील 'अविचारयन्' या पदावर भर देणारे तेथीलच 'आयान्तम्' हें पद विसरतात. अंगावर चालून येतो तोंवरच तो आततायी. बांधून हातीं आला कीं तो व्यवहाराचा विषय झाला.

हा भेद सुटला म्हणजे काय होतें, तें आमच्या इतिहासांत नमूद आहे. विठोजी होळकरानें पेशव्यांच्या मुलखांत दंगा केला, हें खरें. पण एप्रिल १८०१ मध्यें तो पुण्यांत कैदी होता, आणि दुसऱ्या बाजीरावानें त्यास हत्तीच्या पायीं देवविलें. वैरी तोच न्यायाधीश झाला. शिंदे-होळकरांचें वैर आधींचेंच होतें. तरी यशवंतरावाच्या मनांतील भावाच्या मृत्यूचा डाग पुढें पुसला नाहीं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरास पेशव्यांचा मोड झाला, आणि ३१ डिसेंबर रोजीं बाजीरावानें वसईस इंग्रजांशीं तह केला. ही वसई २०१४ पर्यंत ठाणें जिल्ह्यांतच मोडत होती.

मुंबईंतील १९९५ ते १९९७ मधील पोलिस चकमकींच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २३ सप्टेंबर २०१४ रोजीं, म्हणजे मुंब्र्याच्या घटनेपूर्वीं बरोबर दहा वर्षें, अशा प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र तपासणी व न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी आवश्यक ठरविली. तदनुसार झालेल्या चौकशीचा अहवाल जानेवारी २०२५ मध्यें उच्च न्यायालयापुढें आला. त्यांत स्वसंरक्षणाच्या म्हणण्यावर संशय घेऊन पांच पोलिसांस जबाबदार धरिलें आहे. हाही अंतिम निर्णय नव्हे. त्या पांचांसही चारही पाद मिळाले पाहिजेत.

त्या बालिकांची फिर्याद मात्र या आरोपीपुरती पहिल्याच पादावर राहिली. तो दोषी होता असें न्यायासनाच्या तोंडून ऐकण्याचा त्यांचा हक्क त्या गोळीनें हिरावला. आम्ही संशयित सनदही शिक्का, मोर्तब व अक्षर पाहिल्यावांचून बनावट म्हणून फाडीत नाहीं. मनुष्याच्या बाबतींत याहून कमी सावधपणा कसा पुरेल?